धागा जाळणारे नानाजी

नानाजी ठोंबऱ्यांनी माझ्या लग्नातल्या शालूला काडी लावली, तेव्हा मला खमरियात, कारखान्याच्या वसाहतीत, येऊन पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. म्हणजे अख्ख्या शालूला नव्हे, पदराच्या टोकातून उपसलेल्या वीतभर धाग्याला. पण नव्या नवरीला हा फरक कुठून कळणार? मी शालू अंगणात उन्हाला टाकला होता. शेजारच्या क्वार्टरमधून खाकी हाफपँट घातलेले एक उंच गृहस्थ आले, "नव्या सूनबाई का? अच्छा, अच्छा," म्हणाले, पदर चिमटीत धरला, डोळे मिटले आणि खिशातून माचिस काढली. मी अशी किंचाळले, की लाइनीतल्या बाराही घरांच्या बाया बाहेर आल्या. एकीचे हात तर कणकेनं भरलेले होते. ती तिथूनच ओरडली, "घाबरू नको वो माय, नानाजी आहेत! आमच्या सगळ्यांच्या शालूंचं झालं आहे हे!"

नानाजींनी विझलेला धागा आधी स्वतःच्या नाकाशी नेला, मग माझ्या. "केस जळल्याचा वास येऊन राहिला ना? आता ही राख बोटानं चुरा. झाली भुकटी? अस्सल रेशीम आहे. तुमच्या वडिलांना कोणी फसवलं नाही. चलो, आता चहा ठेवा."

माझ्या वडिलांना असं प्रशस्तिपत्र देणारे हे कोण, म्हणून मला राग आला होता. पण शालू अस्सल निघाला म्हणून बरंही वाटलं होतं. मी मुकाट्यानं चहा ठेवला.

नानाजी कारखान्यात कापड तपासायला होते. दारूगोळ्याच्या कामाला जे सुती कापड लागे, त्याच्या ताग्यांवरून दिवसभर हात फिरवायचा, गाठ, झिरझिरीत जागा, तुटका धागा शोधायचा, हे त्यांचं काम. आत माचिस नेणं म्हणजे महापाप, गेटवर झडती व्हायची. म्हणून त्यांची माचिस दिवसभर गेटबाहेरच्या पानवाल्याकडे राहायची, आणि सुटी झाली की नानाजी पान नाही, आधी ती मागून घ्यायचे. विडी-सिगारेट काही नाही हां! माचिस फक्त धाग्यांसाठी. आतल्या बिल्डिंगांमध्ये नायलॉन घालायलाही बंदी होती, कारण त्याच्या घर्षणातून ठिणगी पडते. नानाजींनी हा नियम घरीही लावून टाकला होता. त्यांची एकुलती एक मुलगी शकू, कॉलेज संपवून घरी बसलेली, तिला नायलॉनची रिबीनसुद्धा मिळायची नाही. तिची आई, म्हणजे आमच्या माई, म्हणायच्या, "या घरात देवापेक्षा मांजरपाटाला जास्त मान आहे."

त्यात ते लढाईचे दिवस. कारखाना रात्रंदिवस चालायचा, माणसं डबल ड्यूटी करून डोळे लाल करून घरी यायची. नानाजी मात्र ड्यूटीवरून आले की हातपाय धुऊन शिलाई मशीनवर बसायचे. पुरुष माणूस दारात मशीन मांडून झंपर शिवतो, हे पाहून माझे यजमान एकदा हसले. नानाजी मशीन न थांबवता म्हणाले, "फौजेला माझ्या नजरेखालचं कापड चालते, तर तुमच्या बायकोला चालणार नाही का?"

मला शिवण त्यांनीच शिकवलं. माहेराहून मशीन आली होती, पण मला सरळ शिलाईपलीकडे काही यायचं नाही. पहिल्याच आठवड्यात मी यजमानांचा पायजमा शिवला आणि तोऱ्यात त्यांना घालायला दिला. पहिल्या धुण्यात तो घोट्यावरून पोटरीवर आला. नानाजींनी कुंपणावरून पाहिलं आणि विचारलं, "काहून जी, नर्मदेला पूर आला का?" यजमानांनी तो पायजमा पुन्हा घातला नाही.

मग नानाजींनी मला ओसरीवर बसवलं. "सूनबाई, सुती कापड आणलं की आधी रात्रभर बादलीत. त्याला जे आटायचं आहे ते बादलीत आटू द्या, माणसाच्या अंगावर नको." कापड सरळ कापायचं तर कैचीवर भरवसा नाही. काठाला नख लावून एक आडवा धागा ओढायचा, तो निघाला की जी बारीक रेघ पडते तिच्यावरून कापायचं. जॉर्जेट मशीनखाली घसरते, तर तिच्याखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवायची, दोन्ही एकत्र शिवायची आणि मग कागद फाडून काढायचा. वॉयलला टाचण्या लावायच्याच नाहीत, भोकं राहतात. हे सगळं सांगताना ते कापडाशीही बोलायचे. "बस ना बाई नीट," असं मलमलीला म्हणायचे. पहिल्यांदा मला वाटलं मलाच म्हणतात, म्हणून मी नीट बसले.

रविवारी ते शहरातल्या बाजारात जायला निघाले की लाइनीतल्या चार-पाच बाया त्यांच्यामागे बसमध्ये चढायच्या. आम्ही दुकानात शिरलो की शेठ गादीवरून अर्धा उठायचा. "नानाजी, माचिस मत निकालिए. मैं खुद बता देता हूँ, कौन सा असली है!" नानाजी हसायचे, पण तरी हात फिरवायचेच. आधी तळहात, मग उलटा हात, मग गाल. गाल लावला म्हणजे कापड पसंत. शेठ बिचारा कपाळाला हात लावायचा.

लढाईत खिडक्यांना काळे पडदे लावायचा हुकूम निघाला, तेव्हा तर त्यांना मंत्रिपदच मिळालं. सगळ्या लाइनीनं एकाच ताग्यातलं काळं कापड आणलं. नानाजींनी फर्मान काढलं, आधी भिजवा! बाराही घरांनी आज्ञाधारकपणे सार्वजनिक हौदापाशी बादल्या भरल्या आणि भिजलेलं कापड हौदातच खळबळलं. त्या काळ्याचा रंग असा सुटला की विचारू नका. हौद काळा, मोरी काळी, आणि कोपऱ्यावरच्या पंडितजींची धोतरं त्याच हौदात बुडालेली, तीही राखाडी. पंडितजी धोतर हातात घेऊन थरथरत उभे होते. "ठोंबरेजी, ये क्या किया आपने?" नानाजींनी धोतराचा काठ चोळून पाहिला आणि अगदी मनापासून म्हणाले, "पंडितजी, कपड़ा बढ़िया है. रंग भी बराबर बैठा है."

खोटं बोलायचे नाहीत ना, हाच त्यांचा दोष. माणसाबद्दल बोलतील एखादे वेळी, कापडाबद्दल नाही. आणि यानंच शकूचं लग्न अडलं.

बिलासपूरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. मुलाचे काका सोबत होते, भर दुपारी अंगात कोट. माईंनी म्हटलं, कोट काढा, मोकळे बसा. नानाजींनी पाहुणचार म्हणून स्वतः कोट काढून घेतला. तिथंच घात झाला. कोट खुंटीला लावेपर्यंत त्यांचा हात त्यावरून चार वेळा फिरला. काका सांगत होते, विलायती लोकर आहे, शुद्ध. नानाजींनी आतल्या शिलाईपाशी कापडाचा एक धागा ओढला आणि काडी ओढली. धागा वितळला, त्याची टणक गोळी झाली. नानाजी अगदी हळहळून म्हणाले, "यात लोकर थोडी आणि टेरिलिन फार आहे जी. दुकानदारानं तुम्हाला फसवलं."

काका म्हणाले, "दुकान माझंच आहे."

पाहुण्यांनी पोहे अर्धे टाकले. त्यानंतर पावणेदोन वर्षं शकूला स्थळच आलं नाही. जिकडे पत्रिका जाई तिकडे कोटाची गोष्ट आधी पोचलेली असे. माई नवऱ्याशी शकूच्या मार्फत बोलायला लागल्या. "शकू, त्यांना विचार भाजी वाढू का." शकू हसायची, पण माझ्याकडे येऊन एकदा पाटावर बसली आणि म्हणाली, "वहिनी, बाबांवर मला रागावताही येत नाही. पण मी काय जन्मभर याच ओसरीवर धागे ओढत बसू?" तिचं वय वाढत होतं आणि घरात सगळ्यांना ते दिसत होतं.

मग नागपूरचं स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, शांत. शकूनं चहाचा ट्रे ठेवला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की आम्ही पडद्यामागच्या बायांनी एकमेकींना कोपरं मारली. तिथंच ठरलं. साखरपुड्याला पुढच्या महिन्यात येतो म्हणाले.

साखरपुड्याच्या सकाळी माईंनी जी तयारी केली, ती कारखान्याच्या गेटवरही होत नसेल. घरातल्या झाडून सगळ्या माचिस माझ्या पिठाच्या डब्यात. देवापाशी समई सकाळीच लावून ठेवली आणि तिच्यापाशी माझ्या यजमानांना पहाऱ्यावर बसवलं. पानवाल्याला निरोप गेला, आज नानाजींना माचिस द्यायची नाही. नानाजी म्हणाले, "नर्मदामाईची शपथ, तोंड उघडणार नाही." माई दोन वर्षांत प्रथमच त्यांच्याशी थेट बोलल्या. "तोंडाचं नका सांगू, बोटांचं सांगा!"

विहीणबाई बारीक अंगाच्या, घाबरट डोळ्यांच्या. त्यांनी कागदाच्या घडीतून डाळिंबी रंगाची साडी काढली. "खास शकुंतलेसाठी. रेशीम आहे. आमच्या घरची रीत आहे जी, सून पहिल्या दिवशी सासरची ही साडी नेसूनच चुलीवर शिरा करते." आणि शकूच्या ओटीत घालण्याआधी त्यांनी ती मानानं वडिलांच्या हातात दिली.

मी नानाजींच्या शेजारीच ताट घेऊन उभी होते. साडी हातात आली आणि त्यांचे डोळे मिटले. मिटले ते उघडेचनात. बोटं थांबली. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्यांचा डावा हात आपोआप खिशात गेला, आणि खिसा रिकामा सापडला. खोलीत कोणी हलेना. माईंच्या हातातला नारळ घामानं निसटायच्या बेतात. शकू मान खाली घालून बसलेली, पण तिचे कान लाल झालेले मला दिसत होते. बिलासपूरच्या काकांचा कोट त्या खोलीत सगळ्यांच्या डोळ्यांपुढे लटकत होता.

नानाजींनी डोळे उघडले. साडीकडे नाही, विहीणबाईंच्या हातांकडे पाहिलं. त्यांनी स्वतःच्या पदराचं टोक मुठीत घट्ट आवळून धरलं होतं.

"वा," नानाजी म्हणाले. "रेशीम असावं तर असं."

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. पेढे वाटले गेले. माई तर आनंदानं रडायलाच लागल्या, आणि मीही रडले, कारण काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

पाहुण्यांना निरोप देऊन नानाजी आमच्या पायरीवर येऊन बसले. चहा दिला तर तसाच ठेवला. "सूनबाई, नकली आहे. आर्ट सिल्क. रेशीम हातात धरलं की गरम होते, हे थंडगार राहिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कापडाबद्दल खोटं बोललो."

"बोललात तर बोललात, नानाजी! लग्न तर जमलं."

"अवो, जमलं!" ते इतके जोरात बोलले, की मी दचकले. "ते कापड कागदासारखं पेटते. भप्पकन! आणि पोर ते नेसून चुलीपाशी शिरा करणार. आठ तास मी ठिणगीच्या धाकात काम करतो, आणि माझ्याच पोरीला मी..." खरं सांगावं तर हेही लग्न मोडणार. नाही सांगावं तर ती साडी आणि ती चूल.

शकूला तर साडी हातात येताच कळलं होतं, त्यांचीच मुलगी ती. नानाजींनी तिला बजावलं, ही नेसून चुलीपाशी जायचं नाही. ती म्हणाली, "बाबा, नवी सून सासूला पहिल्याच दिवशी नाही कशी म्हणेल? काहून नाही म्हणते असं विचारलं तर काय सांगू? माझ्या बाबांनी खोटं सांगितलं म्हणून?"

पुढचा महिना त्यांनी परसात घालवला. फिटकरीच्या, म्हणजे तुरटीच्या, पाण्यात चिंध्या बुडवायच्या, वाळवायच्या, काडी लावायची. फिटकरीनं कापड जरा दमानं पेटते हे खरं, पण आर्ट सिल्क ओलं झालं की त्याचा जीवच जातो, रंगही गेला असता. ते सोडलं. मग त्यांनी जाड खाकी ड्रिलचा एक एप्रन शिवला, गळ्यापासून घोट्यापर्यंत. नवरीचा म्हणून त्याला झालर लावली! माईंनी तो पाहिला. "ही काय पोरगी सासरी चालली की फौजेच्या मोर्च्यावर?" असं म्हणून त्यांनी तो कोळशाच्या पोत्यावर टाकला. नानाजींनी तो उचलला, झटकला, पुन्हा घडी केली. विहीणबाईंना पत्र लिहायलाही बसले. मी चार वेळा फाडलेले कागद केरात पाहिले. प्रत्येकाची सुरुवात सारखीच होती, "सौ. विहीणबाई यांस, साडी फार सुंदर आहे."

कारखान्याची सुटी मोजकीच, म्हणून लग्न दोन दिवसांत उरकलं. नागपूरच्या रस्त्यानं मुलगी सासरी निघाली की आमच्याकडची माणसं तिला नर्मदेकाठच्या तिलवाऱ्यापर्यंत पोचवायला जात. तिथं बस थांबायची, नवरी नर्मदेला ओटी वाहायची, मग पूल ओलांडून पुढे. आम्हीही गेलो. शकू आणि जावईबापू घाटावर उतरले. माई त्यांच्यासोबत. वर रस्त्याच्या कडेला विहीणबाई उभ्या होत्या, आणि नानाजी त्यांच्याभोवती घुटमळून राहिले होते. मी शकूची पिशवी धरून जवळच होते, म्हणून सगळं ऐकलं.

पहिल्यांदा गेले, म्हणाले, "यंदा पाणी चांगलं आहे नर्मदेला." दुसऱ्यांदा म्हणाले, "रस्ता सिवनीपर्यंत बरा आहे म्हणतात." तिसऱ्यांदा घसा खाकरून म्हणाले, "विहीणबाई, ते... शिऱ्याचं..." आणि तिथंच अडकले. पोटचा गोळा निघाला होता, बस उभी होती, आणि या माणसाला, कापडावर तासभर बोलणाऱ्या माणसाला, एक वाक्य बोलता येत नव्हतं. मला वाटलं, आता मीच बोलते, जे व्हायचं ते होवो.

विहीणबाई म्हणाल्या, "व्याहीबुवा, त्या डाळिंबी साडीचं तुम्हाला कळलं होतं ना?"

"रेशीम आहे," नानाजी घाईघाईनं म्हणाले. "फार सुंदर..."

"नाही आहे जी. घेताना मला माहीत होतं. अस्सल घ्यायची आमची ऐपत नव्हती. बिलासपूरच्या कोटाची गोष्टही ऐकली होती मी. तुम्ही डोळे मिटले ना, तेव्हाच मी मनात परतीचं सामान बांधलं होतं." त्यांनी खाली घाटाकडे पाहिलं. शकू वाकून पाण्यात फुलं सोडत होती. "त्या रात्री झोप नाही आली मला. माझी लाज राखायला तुम्ही खोटं बोलले. आणि मी मेली, नकली ओळखली जाईल या भीतीपोटी, तोंडातून बोलून गेली, ती नेसून शिरा कर म्हणून. असल्या साडीला विस्तव कसा धरतो, पाहिलं आहे मी. शिरा ती सुती पातळ नेसूनच करेल. मी बॅगेत वरच ठेवलं आहे, नवं, धुवट. डाळिंबी साडी ती चुलीपाशी नेसणार नाही. माझ्या डोळ्यांदेखत तर नाहीच नाही."

मग भर रस्त्यावर, बसमधल्या सगळ्या वऱ्हाडासमोर, नानाजी वाकले आणि त्यांनी विहीणबाईंच्या पायाला हात लावला. "अवो, हे काय करून राहिले, व्याहीबुवा! उठा ना जी!" विहीणबाई गोंधळून मागे सरायला लागल्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. घाटावरून शकूनं वळून वर पाहिलं. हॉर्न पुन्हा वाजला, पण नानाजी काही उठेनात, म्हणून विहीणबाईंनी खाली बसून त्यांचे दोन्ही खांदे धरले.